मोसंबीचे ओंडके धाब्यावर का उलतात?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी तीन पिकाचे नाहीत, तोडलेल्या झाडांचे आहेत. बाग काढल्यावर खोडे थेट चुलीत न घालता कोणी त्यांचे लाटणे करू पाहत असेल तर त्याला उत्तर द्यायलाच हवे.

प्रश्न (पाचोरा तालुका): मोसंबीची जुनी बाग काढली. लाटणी, विळ्याच्या मुठी करू म्हणून सात-आठ इंच जाडीचे ओंडके धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) ठेवले. महिन्यात 'लाकूड फाटी गयं'. काय चुकलं?

उत्तर: जागा चुकली. कोकणात लाकूड वाळत नाही म्हणून रडतात, आपल्या खानदेशात ते फार लवकर वाळते हेच दुखणे.

उललेला एक ओंडका हातात घेऊन टोकाकडून पाहा. चीर सालीजवळ रुंद आणि गाभ्याकडे निमुळती दिसेल. लाकडातला ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की ते आकसू लागते. पण वाढीच्या कड्यांच्या दिशेने ते जितके आकसते, त्याच्या जवळपास निम्मेच सालीकडून गाभ्याकडे आकसते. अख्ख्या गोल ओंडक्यात हा ताण कुठे जाणार? तो चीर पाडूनच मोकळा होतो. त्यात टोकांतून पाणी कडेच्या मानाने दहापटीहून वेगाने उडते, म्हणून उलायला सुरुवात टोकापासून होते.

तेव्हा पुढच्या वेळी झाड पाडाल त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत, दोन्ही टोकांना उरलेला ऑइल पेंट किंवा वितळलेले मेण जाड थापा. दुसऱ्या दिवशी लावू म्हणाल तर बारीक चिरा आधीच पडलेल्या असतात. मग ओंडका गाभ्यातून उभा चिरा. गाभा फुटला की अर्धा ताण तिथेच संपतो. साल काढून टाका, किडी तिच्याखालीच दडतात. लांबी हवी त्यापेक्षा तीन-चार इंच जास्त ठेवा, टोके थोडीफार उलणारच.

वाळवायची जागा बहुतेकांच्या शेतात तयारच आहे: कांदाचाळ. उन्हाळी कांदा दिवाळीच्या आसपास निघून गेला की ती मोकळी पडते, आणि झाड तोडून लाकूड रचायला हाच काळ उत्तम. वर सावली, खालून आणि बाजूंनी वारा, जमिनीची ओल नाही. कांद्याला जे मानवते तेच लाकडाला मानवते. फळ्यांच्या दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या दीड-दोन फुटांवर ठेवा. प्रत्येक थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या नेमकी वर यायला हवी, नाहीतर फळी त्याच जागी वाकते. माथ्यावर चार-सहा दगड. चैत्रात झळा सुरू झाल्या की वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधा. नवीन कांदा येईपर्यंत ढीग ओसरीवर हलवता येतो.

तुमचे उललेले ओंडके मात्र फेकू नका. दोन चिरांमधल्या फाकी कुऱ्हाडीने वेगळ्या केल्या तर मुठींपुरते लाकूड निघते. मोसंबीचे लाकूड घट्ट आणि बारीक पोताचे, मुठीला झकास.

प्रश्न (यावल तालुका): वादळात पडलेल्या आंब्याच्या फांदीच्या फळ्या पाडल्या. आता त्यांतून भुगा गळतो. फवारणीचे औषध मारू का?

उत्तर: पिकावरचे औषध लाकडाला मारू नका. आधी भुगा चिमटीत घ्या. भरड, तुसासारखा आणि छिद्र बोटाएवढे असेल तर ती भिरुडाची अळी, झाडातूनच आलेली. वाळलेल्या लाकडात ती नव्याने लागत नाही. भुगा पिठासारखा मऊ आणि छिद्रे टाचणीच्या डोक्याएवढी असतील तर ते भुंगेरे. ते वर्षानुवर्षे पोखरत राहतात. फार पोखरलेली फळी जाळा, घरात आणू नका. पुढच्या वेळी ओल्या फळ्यांवरच दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स व २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून भरपूर चोपडा आणि काही दिवस झाकून ठेवा. पोळपाट-लाटण्याला हे चालणार नाही. ते तुकडे कातण्याआधी तासभर पाण्यात उकळून घ्या.

जाता जाता: आंबा, चिंच, जांभूळ, फणस ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. बांधावरचे उभे झाड स्वतःचे असले तरी परवानगीशिवाय कुऱ्हाड लावू नका. लिंबू, मोसंबी, पेरू, बोर या यादीत नाहीत.

प्रश्न (साक्री तालुका): बोरीचे लाकूड वाळले हे ओळखायचे कसे? सुतार म्हणतो, इंचाला एक वर्ष.

उत्तर: सुताराचा हिशेब सावध आहे, वाईट नाही. आपल्या हवेत इंचभराची फळी त्याआधीही तयार होऊ शकते. पण तारीख बघू नका, वजन बघा. किराणा तोलायच्या काट्यावर एक तुकडा ठेवा, वजन आणि तारीख पेन्सिलीने त्याच्यावरच लिहा. दर पंधरा दिवसांनी तोला. लागोपाठ तीनदा तोच आकडा आला की त्या हवेत जेवढे वाळायचे तेवढे वाळले.

'त्या हवेत' म्हणालो ते मुद्दाम. वैशाखात कुऱ्हाडीचा दांडा सैल होतो आणि श्रावणात दाराचा पल्ला अडतो, हे तुम्ही दरवर्षी पाहता. म्हणून बोरीचा दांडा मे महिन्यात, लाकूड सर्वांत कोरडे असताना बसवा. पावसाळ्यात तो फुगून आपोआप आवळेल. लाकडी डब्याचे झाकण मात्र मे महिन्यात घट्ट बसवू नका, जुलैत उघडायचे नाही.