'कर्णबधिर'मध्ये कान दोनदा येतो का?

प्रश्न असा आला आहे: "श्रवणचाचणीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतोय. 'कर्णबधिर' हा शब्द 'पिवळा पीतांबर'सारखा नाही का? बधिर म्हणजेच बहिरा, मग आधी 'कर्ण' कशाला? आणि '४० डेसिबल हिअरिंग लॉस'ला '४० टक्के बहिरेपणा' म्हटलं तर चालेल का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. का, ते पुढे येईलच. पहिला प्रश्न जरा चवीने घेऊ.

संस्कृतापुरतं बोलायचं तर शंका रास्त आहे. बधिर म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो. त्यातला ध झिजून ह झाला आणि आपल्याला बहिरा मिळाला; दधिचं दही झालं, गोधूमाचा गहू झाला, तसाच. मग संस्कृतातून 'बधिर' पुन्हा आणला गेला, तेव्हा त्याची जागा बहिऱ्याने आधीच अडवलेली होती. मराठीत तो वेगळ्या कामाला लागला. दात काढण्याआधी इंजेक्शन दिलं की हिरडी बधिर होते. वाईट बातमीने डोकं बधिर होतं. बधिरीकरणतज्ज्ञ कुणाच्या कानाला हात लावत नाहीत. म्हणजे मराठीत बधिर हे संवेदना गेलेल्या कशालाही म्हणता येतं, आणि कशाची संवेदना गेली ते सांगावं लागतं. म्हणून 'कर्ण' तिथे फुकट बसलेला नाही. पीतांबराचंही तेच आहे म्हणा. मराठीत तो केव्हाच सोवळ्याचं रेशमी वस्त्र झाला आहे, त्यामुळे लाल पीतांबर म्हणताना कुणी अडखळत नाही.

'मूकबधिर' मात्र माहितीपत्रकात येऊ देऊ नका. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाचं स्वरयंत्र बहुधा ठणठणीत असतं. कानावर बोलणं पडलं नाही म्हणून तोंडात आलं नाही, इतकंच. त्यातली कितीतरी मुलं खुणांच्या भाषेत घडाघडा बोलतात, आणि त्या भाषांना स्वतःचं पुरतं व्याकरण असतं. त्यांना मूक कसं म्हणणार?

'लॉस'साठी शब्दकोश उघडला की क्षय, हानी, ऱ्हास असे शब्द रांगेत उभे राहतात. या सगळ्यांत आधी होतं ते गेलं, असं गृहीत आहे. उतारवयात कमी ऐकू येऊ लागतं, त्याला श्रवणऱ्हास शोभतो. जे मूल जन्मापासून ऐकतच नाही त्याचं काय हरवलं? म्हणून मथळ्यात मी 'श्रवणदोष' लिहीन आणि आत सरळ 'कमी ऐकू येणे'. 'दोष'ही काहींना टोचतो, हे मान्य. बोलताना आपण 'कानाने जरा कमी आहेत' म्हणतो, ते या सगळ्यांपेक्षा सभ्य आहे.

श्रवणदोषाचे दोन मुख्य प्रकार पत्रकात असतीलच. पहिल्यात आवाज आत पोचण्याची वाट अडते: कानात मळ साचतो, पडद्याला भोक पडतं, पडद्यामागे पाणी होतं, किंवा हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडं नीट हलत नाहीत. दुसऱ्यात आवाज पोचतो, पण शंखासारख्या वळलेल्या आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केशपेशी किंवा तिथून मेंदूकडे जाणारी नस कामात कमी पडते. यांना 'वहनजन्य' आणि 'संवेदी-चेताजन्य' असे भारदस्त शब्द आहेत. ते कंसात ठेवा. कारण हा फरक बोलीला आधीच ठाऊक आहे. घाट चढताना कानाला दडे बसतात, तो पहिला प्रकार: पडद्याच्या दोन बाजूंचा दाब जुळत नाही, आवाज कोंदतो, जांभई दिली की मोकळं होतं. फटाका कानाशी फुटला की कानठळ्या बसतात, तो दुसरा: केशपेशींना मार बसतो. बऱ्याचदा त्या सावरतात, पण मेल्या तर माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. 'नस सुकली' असं सर्रास म्हणतात, पण पुष्कळदा बिचारी नस धड असते आणि या पेशीच गेलेल्या असतात.

आता खरी अडचण. मावशीला श्रवणचाचणीला घेऊन गेलो होतो. चाचणी घेणाऱ्या मुलीने विचारलं, "आजी, बारीक आवाज ऐकू येतो का?" मावशी म्हणाली, "बारीक म्हणजे हळू, की किनरा?" शब्दांची आवड मला उगाच लागलेली नाही. रेडिओ बारीक कर म्हणजे आवाज कमी कर. पण एखादीचा आवाज बारीक आहे म्हणजे वरच्या पट्टीतला. उलट आवाज चढवला म्हणजे मोठा केला की वरच्या पट्टीत नेला, हेही संदर्भाशिवाय कळत नाही. श्रवणचाचणीत नेमक्या याच दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. पट्टीसाठी वारंवारता, म्हणजे हर्ट्‌झ. तरुण कान साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झ ऐकतो, चाचणी बहुधा २५० ते ८,००० या टापूत होते. लहानमोठेपणासाठी डेसिबल. त्यामुळे पत्रकात नुसतं 'बारीक' लिहू नका. 'हळू आवाज' आणि 'किनरा आवाज' असं वेगळं लिहा.

डेसिबलमधला 'बेल' हा टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावातला. (उच्चाराप्रमाणे डेसिबेल हवं, पण लोकांनी डेसिबल ठरवलंय.) ते कर्णबधिरांचे शिक्षक होते, त्यांच्या आईला कमी ऐकू येई आणि पत्नीला ऐकू येत नसे. या मापात दोन फसव्या जागा आहेत. एक, चाचणीतलं शून्य म्हणजे शांतता नव्हे. तरुण, निरोगी कानांना जेमतेम ऐकू येणारा सरासरी आवाज म्हणजे ते शून्य, आणि काहींचा कान त्याच्याही खालचं टिपतो. दुसरी, हे माप गुणाकाराचं आहे. २० डेसिबल वाढले की आवाजाचा दाब दहापट होतो, ४० वाढले की शंभरपट. म्हणजे ४० डेसिबलचा दोष असलेल्या कानाला जेमतेम ऐकू यायला शंभरपट दाब लागतो. ते ४० कुठल्या शंभरातले नाहीत, मग टक्के कसले? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गवारीत २० ते ३५ सौम्य आणि ३५ ते ५० मध्यम. तेव्हा ४० म्हणजे 'मध्यम श्रवणदोष', आणि कुजबुज हातची गेलेली. चाचणीचा आलेखही उलटा असतो, शून्य वर आणि मोठे आकडे खाली, त्यामुळे 'आकडा वाढला' ही आनंदाची बातमी नव्हे.

एका जागी मात्र टक्के चालतात. हेडफोन लावून पी-पी आवाजांची चाचणी झाली की पुरेशा मोठ्या आवाजात एकेक सुटा शब्द ऐकवतात आणि तो परत म्हणायला सांगतात. किती बरोबर आले, ते टक्क्यांत लिहितात. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, आणि स, श, फ यांचा जीव त्याच पट्टीत असतो. स्वर मोठे आणि खालचे, ते शाबूत राहतात. मावशीला 'साठ' म्हटलं, ती म्हणाली 'आठ'. 'पाठ'लाही 'आठ'. चौथ्या शब्दाला वैतागून म्हणाली, "अगं, ऐकू येतंय, पण शब्द लागत नाहीये."

मूळ पत्रकात याला 'स्पीच डिस्क्रिमिनेशन' म्हटलं असणार, आणि कोशात 'वाक्‌-विभेदन' सापडेल. अक्षर लागत नाही म्हणतो, तसाच शब्द लागत नाही. मी तिथे 'शब्द लागणे' लिहीन.