फोल्डर सगळ्यांचा, पण फाइल एकट्याचीच

प्रश्न : लिनक्स सर्व्हरवर आम्ही चौघे एकाच फोल्डरमध्ये काम करतो. चौघांना एका ग्रुपमध्ये घातले, फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना पूर्ण परवानगी, दिली. तरी एकाने बनवलेल्या फाइलमध्ये दुसऱ्याला बदल सेव्ह करता येत नाहीत. असे का?

उत्तर : ७७७ ही परवानगी फक्त त्या फोल्डरची. नव्या फाइलची परवानगी बनवणाऱ्याच्या यूमास्कवरून (नव्या फाइलमधून कोणत्या परवानग्या वगळायच्या ते सांगणारी सेटिंग) ठरते. यूमास्क ०२२ असेल तर फाइल ६४४ होते, म्हणजे मालक सोडून बाकीच्यांना नुसती वाचता येते. तिचा ग्रुपही बनवणाऱ्याचा प्राथमिक ग्रुप असतो, तुमचा सामायिक नव्हे. ७७७ने तुमचे काम तर झाले नाहीच, उलट सर्व्हरवरच्या कुणालाही तिथल्या फाइली पुसायची मोकळीक मिळाली. ती आधी काढा.

फोल्डर कुणाच्या होममध्ये (वैयक्तिक फोल्डरमध्ये) असेल तर बाहेर हलवा. होम ७०० (फक्त मालकाला मुभा) असले की आतली परवानगी कितीही सैल असो, इतरांना तिथवर पोचताच येत नाही. मग सीएचग्रुप या कमांडने फोल्डरला सामायिक ग्रुप लावा आणि परवानगी बदलणाऱ्या सीएचमॉड कमांडने २७७० द्या; ७७० म्हणजे मालकाला आणि ग्रुपला सगळे, बाकीच्यांना काही नाही. सुरुवातीचा २ म्हणजे सेटजीआयडी ही खूण. त्यामुळे आत बनणारी फाइल फोल्डरचाच ग्रुप घेते, आणि नव्या उपफोल्डरांना हा २ आपोआप लागतो. जुन्यांना लागत नाही; ते फाइंड कमांडने शोधून त्यांना वेगळा लावा. २७७० सरसकट रिकर्सिव्ह (आतल्या सगळ्यांवर) चालवू नका, साध्या मजकुराच्या फाइलीही एक्झिक्युटेबल (प्रोग्रॅमसारख्या चालवता येणाऱ्या) होऊन बसतात.

राहिला यूमास्क. प्रत्येकाने तो ००२ ठेवला तरी भागते, पण एकाचा राहिला की पुन्हा तेच. म्हणून डिफॉल्ट एसीएलच (फोल्डरमधल्या नव्या फाइलींना आपोआप लागणारी परवानग्यांची यादी) लावावी : सेटएफएसीएल कमांडला डी आणि एम हे पर्याय देऊन ग्रुपला आरडब्ल्यूएक्स (वाचणे, लिहिणे, चालवणे) द्या. जिथे डिफॉल्ट एसीएल असते तिथे यूमास्क बघितलाच जात नाही. आधीच्या उपफोल्डरांसाठी सोबत कॅपिटल आर हवा.

एवढे करूनही एखादी फाइल अडलीच, तर ती एमव्हीने (फाइल हलवणाऱ्या कमांडने) आणली होती का ते पाहा. त्याच डिस्क-विभागातून एमव्हीने हलवलेली फाइल जुना ग्रुप आणि जुनी परवानगी घेऊनच येते. सीपी या कॉपी करणाऱ्या कमांडने नवी प्रत बनते, म्हणून ती फोल्डरचा ग्रुप घेते.

ग्रुपमध्ये नवा माणूस घालताना यूजरमॉड कमांडला कॅपिटल जीबरोबर स्मॉल ए द्यायला विसरू नका. तो राहिला तर त्या माणसाचे बाकीचे जादा ग्रुप जातात, प्रशासकाचे अधिकार देणारा सुडोचासुद्धा. आणि त्याने लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केल्याशिवाय नवा ग्रुप लागू होत नाही. आयडी कमांडने खात्री करा.

प्रश्न : एकमेकांच्या फाइली चुकून पुसल्या जाऊ नयेत म्हणून काय करावे?

उत्तर : २७७०ऐवजी ३७७० द्या. त्यातल्या स्टिकी बिटमुळे फाइल पुसणे किंवा तिचे नाव बदलणे फक्त फाइलचा मालक, फोल्डरचा मालक आणि रूट (मुख्य प्रशासक) यांनाच जमते. मात्र काही एडिटर सेव्ह करताना तात्पुरती फाइल लिहून ती मूळ फाइलच्या जागी ठेवतात. असा एडिटर वापरणाऱ्याला दुसऱ्याची फाइल सेव्ह करता येणार नाही. तुमचा एडिटर तसा नाही ना, हे आधी तपासा.