अमेरिकेत डेंटलला प्रवेश: शेवटची निवड कशी होते

तुझे बीडीएसचे टक्के बेताचे, आयएनबीडीई (अमेरिकेतल्या डेंटल लायसन्ससाठीची लेखी परीक्षा) पास, सध्या सोलापुरात विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या दवाखान्यात काम. ताई, मग अमेरिकेतली कॉलेजं शेवटी निवडतात कशावर, असं तू विचारलंस. मीही सोलापूरचीच. इथे अमेरिकेत अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंगचा (बाहेरच्या देशातल्या डेंटिस्टना थेट पुढच्या वर्षात घेणारा) कोर्स केला, आता शिकवते आणि प्रवेश समितीवर बसते.

आधी नीटची मेरिट लिस्ट डोक्यातून काढ. कॅपिडवरून, म्हणजे या कोर्सेसच्या सामायिक ऑनलाइन अर्जव्यवस्थेतून, आलेल्या अर्जांना टक्के, टोफेल, कागदपत्रं अशी चाळणी लागते, पण ती चाळणीच. आयएनबीडीई पास झालेल्याला तर गुणही कळत नाहीत, मग त्यावर क्रम लावणार कसा? मुलाखतीपर्यंत आलेली सगळीच मुलं हुशार असतात.

निर्णय होतो बैठकीत. मुलाखत घेणारा प्राध्यापक तुझी फाइल मांडतो, बाकीचे शंका काढतात. मग प्रवेश, वेटिंग किंवा नकार. तिथे तू नसतेस. तुझ्या बाजूने बोलणाऱ्याच्या हाती काहीतरी ठोस लागतं. ‘लहानपणापासून सेवेची आवड’ यावर तो काय बोलणार? तुझ्याकडे मिश्रीने हिरड्या खराब झालेल्या विडी कामगार बायका येतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी सबम्यूकस फायब्रोसिसची, म्हणजे तोंड आखडत जाण्याच्या आजाराची, पोरं येतात, तोंडात दोन बोटंही जात नाहीत. अशा एकाची दाढ तू कशी काढलीस, भूल देताना काय अडलं, सवय सुटावी म्हणून त्याच्या आईशी काय बोललीस, ते एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःबद्दलच्या निबंधात, लिही. इथल्या प्राध्यापकांना असे पेशंट क्वचित दिसतात. ते कान देऊन ऐकतात.

शिफारसपत्रांचं मला फार वाईट वाटतं. ‘सिन्सिअर, हार्डवर्किंग’ असं एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) सहीचं एकच पत्र वेगवेगळ्या मुलांच्या फाइलीत निघतं आणि चांगली मुलं मागे पडतात. पद मोठं नसलं तरी चालेल, पण तुझं काम शेजारी उभं राहून पाहिलेल्या मॅडमचंच पत्र घे. ते स्वतः लिहून सहीला नेऊ नकोस.

काही कॉलेजं बेंच टेस्ट, म्हणजे हाताच्या कामाची परीक्षा, घेतात. टायपोडॉन्टवर (नकली दातांच्या जबड्यावर) क्राउनसाठी दात कापताना शेजारच्या दाताला बर (ड्रिलचं टोक) लागला तर समितीला धडकी भरते, कारण थोड्याच दिवसांत खरे पेशंट तुझ्या खुर्चीवर बसवायचे असतात. दवाखाना मिटल्यावर सराव कर.

वेटिंगवर नाव आलं तर खचू नकोस. एकाच मुलाची चार ठिकाणी निवड होते आणि जागा सुटतात. नवीन काही घडलं तरच दोन ओळींत कळव. ओळखीच्या माणसाकरवी फोन लावू नकोस. एसओपी लिहून झालं की मला पाठव, मी वाचते.