सिंधुदुर्गाची लोकसंख्या खरंच घटली आहे का, आणि का?

हो, घटली आहे. मुख्य कारण म्हणजे माणसं मुंबई-पुण्याला आणि गोव्याला कामासाठी जातात. जनगणनेत 2001 साली 8,68,825 असलेली संख्या 2011 ला 8,49,651 झाली. पुरुष जास्त बाहेर जात असल्यानं दर हजार पुरुषांमागे 1036 स्त्रिया मोजल्या गेल्या. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा बहुतांश ग्रामीण आहे, पण ही ओढ त्याहून जुनी: कापड गिरण्यांच्या काळापासून घर मुंबईच्या पगारावर चालायचं. शेत छोटं, भात एकच पीक. पैसा येतो तो देवगडचा हापूस, वेंगुर्ल्याकडचा काजू, मालवणची मासेमारी आणि आता पर्यटन यांतून. मात्र आंबा-काजूचं काम हंगामी, म्हणून तरुण थांबत नाहीत. आंब्याच्या बागा राखायला नेपाळी गडी ठेवावे लागतात, हे मला फार लागतं. एक लक्षात घ्या: घट म्हणजे गाव सुटलं असं नव्हे. वर्षभर कुलूप असलेलं घर चतुर्थीच्या आदल्या दिवशी उघडतं, अंगणातलं गवत काढलं जातं, माटवी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधली जाते. जनगणनेत ही माणसं मुंबईकर म्हणून मोजली जातात. शिवाय जन्मदर उतरल्याचाही या घटीत वाटा आहे.