वाचकांचे प्रश्न : लाकडाच्या बॉयलरमध्ये कोळसा चालेल का?

प्रश्न : आम्ही ईशान्य पेनसिल्व्हेनियात, स्क्रँटनपासून तासाभराच्या अंतरावर, एका जुन्या शेतघरात राहतो. घरापासून सत्तर फुटांवर लाकडावर चालणारा बॉयलर आहे. त्यातले गरम पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून तळघरातल्या फर्नेसपर्यंत येते. दर हिवाळ्यात दहा कॉर्ड लाकूड लागते. ते फोडणे, रचणे आणि वाळवणे आता पाठीला झेपत नाही, शिवाय धुरामुळे शेजाऱ्यांची कुरबुर सुरू असतेच. आमच्या भागात अँथ्रासाइट हा कठीण दगडी कोळसा सहज मिळतो. तो याच बॉयलरमध्ये घालता येईल का? येत नसेल, तर काय बदलावे लागेल आणि किती कोळसा लागेल? आई मूळची चंद्रपूरची आहे. शेगडीचा धूर तिने पुष्कळ सोसला असल्यामुळे कोळसा घरात आणायला तिचा ठाम विरोध आहे.

उत्तर : आपल्या बॉयलरमध्ये कोळसा घालू नये. त्याचे कारण आपल्या आईंना लगेच पटेल, कारण चूल आणि शेगडी या दोन वेगळ्या वस्तू का असतात, हे त्यांना सांगावे लागणार नाही. लाकूड राखेच्या थरावर, समोरून आणि वरून येणाऱ्या वाऱ्यावर नीट जळते, कारण त्याची बरीचशी उष्णता आधी वायुरूपाने बाहेर पडते आणि मग ज्वाळेत जळते. अँथ्रासाइटमध्ये असे वायू जेमतेम दोन ते आठ टक्के असतात. उरलेला जवळजवळ सगळा घट्ट कार्बन असतो, आणि त्याला जाळीखालून, निखाऱ्यांच्या जाड थरातून वर चढणारी हवा लागते. आपला बॉयलर म्हणजे आपल्याकडच्या पाण्याच्या बंबाचाच थोरला भाऊ : मध्ये जाळ आणि भोवती पाणी. बहुतेक साध्या लाकडी बॉयलरांना हलवता येणारी जाळी नसते, राखेचा स्वतंत्र कप्पा नसतो आणि हवा वरच्या बाजूने आत येते. शिवाय पाण्याने वेढलेली थंड पोलादी भिंत कोळशाची कड विझवत राहते. कोळशाच्या भट्टीला आतून अग्निविटांचे अस्तर का देतात, ते यावरून लक्षात येईल. आपण कोळसा घातलात, तर तो लाकडाबरोबर तासभर लाल दिसेल आणि नंतर काळाच्या काळा राहील. कारखान्याने नेमून न दिलेले इंधन वापरल्यामुळे हमी जाईल, ते वेगळेच.

लाकूड आणि कोळसा दोन्हींसाठी बनवलेले बॉयलरही मिळतात, पण निर्मात्याने कोळशाचे नाव स्पष्ट लिहिले असेल तेव्हाच त्यांचा विचार करावा. माझे मत विचाराल, तर दोन्ही कामे करणारे यंत्र सहसा एकच काम धड करते.

आता प्रमाण पाहू. एका कॉर्डमध्ये, म्हणजे 128 घनफूट रचलेल्या वाळक्या कठीण लाकडात, साधारण 20 ते 24 दशलक्ष बीटीयू (उष्णता मोजण्याचे अमेरिकेतले एकक) उष्णता असते. जुन्या पद्धतीच्या बाहेरच्या बॉयलरमधून त्यातली निम्मीसुद्धा घरात पोहोचत नाही. घर पुरेसे तापले की हवेची झडप बंद होते, जाळ धुमसत राहतो आणि न जळलेले वायू धुराच्या, तसेच क्रिओसोटच्या डांबरी थराच्या रूपाने बाहेर पडतात. शेजाऱ्यांच्या कुरबुरीचे मूळ तेथे आहे. दहा कॉर्डमधून घराला 80 ते 90 दशलक्ष बीटीयू मिळतात असे धरू. अँथ्रासाइटच्या एका अमेरिकी टनात, म्हणजे 2,000 पौंडांत, सुमारे 25 दशलक्ष बीटीयू असतात आणि चांगल्या कोळसा बॉयलरमधून त्यातले तीन चतुर्थांश उपयोगी पडतात. म्हणजे आपल्याला साडेचार ते पाच टन कोळसा पुरावा. जागेचा फरक तर पाहण्यासारखा आहे : दहा कॉर्डला 1,280 घनफूट लागतात, तर पाच टन कोळसा दोनशे घनफुटांच्या आत मावतो, आणि तो वर्षभर वाळवावा लागत नाही.

कोळसा मागवताना आकार सांगावा लागतो. पेनसिल्व्हेनियात राइस, बकव्हीट, पी, नट आणि स्टोव्ह ही नावे लहानाकडून मोठ्याकडे जातात. राइस म्हणजे खरोखरच मोठ्या दाण्याच्या तांदळाएवढा चुरा. स्वतः कोळसा भरणाऱ्या स्टोकर बॉयलरमध्ये राइस किंवा बकव्हीट वापरतात, तर हाताने भरायच्या भट्टीत बहुधा नट. यंत्राला जो आकार सांगितला असेल तोच घ्यावा. चुकीच्या आकाराने आग एकतर गुदमरते, नाहीतर अर्धवट जळालेला कोळसा राखेत पडतो.

पाठीचा विचार करता मी आपल्याला तळघरात स्टोकर बॉयलर बसवण्याचा सल्ला देईन. त्याची टाकी भरून ठेवली की थर्मोस्टॅटच्या मागणीप्रमाणे कोळसा आपोआप पुढे सरकतो आणि दिवसाकाठी राख काढण्यापुरतेच काम उरते. मात्र त्याला वीज लागते. हिमवादळात वीज गेली की आग विझते, म्हणून लहान जनित्र जवळ हवे. हाताने भरायची भट्टी विजेविनाही जळत राहते, पण पाणी फिरवणारा पंप थांबलेला असतो. तेव्हा जादा उष्णता नैसर्गिक प्रवाहाने जाण्यासाठी एखादा रेडिएटर जोडून ठेवावा लागतो.

नळजोडणीत एक गोष्ट विसरू नये. आपला बाहेरचा बॉयलर बहुधा हवेला उघडा, बिनदाबाचा आहे. तळघरातला बॉयलर बंद आणि दाबाखाली असतो. त्याला सुरक्षा झडप आणि तापून फुगलेले पाणी सामावणारी प्रसरण टाकी आवश्यक असते, आणि उघड्या बॉयलरची वाट बंद करून त्यालाच दाबाचा करण्याचा प्रयोग कोणीही करू नये. पहिल्या हिवाळ्यात जुना बॉयलर राखीव ठेवायचा असेल, तर दोन्हींचे पाणी उष्णता विनिमयकाने (पाणी न मिसळता फक्त उष्णता पुढे देणाऱ्या उपकरणाने) वेगळे ठेवावे, आणि न पेटवलेल्या बॉयलरमधले पाणी गोठू नये याची व्यवस्था करावी.

आईंच्या विरोधात धुराचा जो भाग आहे, त्याचे उत्तर सोपे आहे. चंद्रपूर-बल्लारपूर भागातल्या कोळशात अँथ्रासाइटच्या मानाने वायुरूप होणारे घटक आणि राख कितीतरी अधिक असतात, म्हणून तो पेटताना डोळ्यांना पाणी आणतो. अँथ्रासाइटच्या धुराड्यातून डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. परंतु त्यांच्या भीतीचा दुसरा भाग अगदी खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, तो कार्बन मोनॉक्साइड वायू इथेही तयार होतोच, आणि त्याला रंग नसतो, वास नसतो. आजवर आपली आग घरापासून सत्तर फूट दूर होती. आता ती घराखाली येणार आहे.

म्हणून बॉयलरला स्वतंत्र धुराडे हवे. लाकडासाठी वापरलेली जुनी चिमणी असेल, तर क्रिओसोट पूर्ण खरवडून घेऊन तिची तपासणी करून घ्यावी. पोलादी अस्तर कोळशासाठी प्रमाणित असावे, कारण कोळशातल्या गंधकामुळे साधे अस्तर लवकर खाल्ले जाते. धुराड्याची ओढ, म्हणजे धूर वर खेचण्याचा जोर, कायम राखणारी बॅरोमेट्रिक झडप बसवावी आणि ओढ मापकाने मोजून घ्यावी. कार्बन मोनॉक्साइडचे सूचक यंत्र प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ लावावे. काम सुरू करण्यापूर्वी टाऊनशिपचा, म्हणजे स्थानिक प्रशासनाचा, परवाना आणि घरविमा कंपनीचे म्हणणे लेखी घ्यावे.

पुढेमागे हाताने भरायची भट्टी घेतलीत, तर नवा कोळसा टाकताना सगळे निखारे झाकू नका. एक कोपरा लाल राहू द्या. नव्या कोळशातून निघणारे वायू त्या निखाऱ्यावर निळ्या ज्वाळांनी जळून जातात. तसे झाले नाही तर ते साचतात आणि मग एकदम भडकून झाकण उडवतात. निखारा वरून ढोसू नये, खालची जाळी हलवावी. राखेचा कप्पा काठोकाठ भरू देऊ नये, नाहीतर खालची हवा तुटते आणि जाळी तापून वाकते.

एक गोष्ट न सांगणे बरे नव्हे. तेवढ्याच उष्णतेसाठी अँथ्रासाइट नैसर्गिक वायूच्या जवळजवळ दुप्पट कार्बन डायऑक्साइड सोडतो : दर दशलक्ष बीटीयूमागे 228 पौंड, तर वायू 117. घराच्या भिंती आणि माळा अजून नीट बंद केलेले नसतील, तर आधी तिकडे खर्च करावा. पाच टनांचे चार टन तेथेच होऊ शकतात.

प्रश्न : आम्ही इलिनॉयमध्ये राहतो. इथला स्थानिक कोळसा अँथ्रासाइटच्या भट्टीत वापरला तर?

उत्तर : वापरू नये. इलिनॉयचा कोळसा बिट्युमिनस, म्हणजे मऊ आणि जास्त वायू सोडणारा, असतो. तो फुगतो, चिकटून ढेप होतो, काजळी धरतो आणि त्यात गंधकही जास्त असते. त्यासाठी वरून हवा देणारी वेगळ्या बांधणीची भट्टी लागते.

प्रश्न : लाकडाची राख आम्ही बागेत टाकत होतो. कोळशाची टाकावी का? आणि उन्हाळ्यात भट्टीचे काय करावे?

उत्तर : कोळशाची राख भाजीच्या वाफ्यात टाकू नये, कारण तिच्यात जड धातूंचा अंश असतो आणि लाकडाच्या राखेसारखे पोटॅश नसते. अँथ्रासाइटची राख वजनाच्या दहा ते पंधरा टक्के निघते, म्हणजे पाच टनांमागे हिवाळाभरात साधारण साडेचारशे ते पावणेसातशे किलो. ती झाकणाच्या लोखंडी बादलीत, लाकडी ओसरीपासून दूर, पूर्ण निवेपर्यंत ठेवावी. बर्फावर घसरू नये म्हणून ती वाटेवर पसरणे ही अँथ्रासाइटच्या भागातली जुनी रीत आहे, पण बुटांबरोबर ती घरात येते. आग विझवल्यावर त्याच आठवड्यात बॉयलर, धुराची नळी आणि धुराडे झाडून काढावे. उन्हाळ्याची दमट हवा उरलेल्या राखेला लागली की आम्ल तयार होते, आणि सप्टेंबरपर्यंत नळीला भोके पडलेली दिसतात. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आतून पुसून, कोरडे करून, वर तेलाचा हलका हात फिरवावा.