मशिन चालवायचं, सांभाळायचं की नवं घडवायचं?

प्रश्न: माझी मुलगी बारावीला पीसीएमबी घेऊन पास झाली. नीट दोनदा दिली, पण सरकारी एमबीबीएसपर्यंत गुण पोचत नाहीत. सीईटीला पीसीएम गटात ९१ पर्सेंटाइल आहेत. मध्यंतरी माझ्या आईच्या कमरेचा एमआरआय काढायला मुंबई नाक्याजवळच्या एका सेंटरवर गेलो होतो. पहिल्या दिवशी ‘मशिन डाऊन आहे’ म्हणून परत पाठवलं. तेव्हापासून पोरगी म्हणते, मला या मशिनांवर संशोधन करायचंय. नातेवाईक म्हणतात, बीएस्सी रेडिओलॉजी करू दे, लगेच नोकरी लागते. एक ओळखीचे गृहस्थ एका वर्षाचा एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स सुचवताहेत, ‘नोकरीची हमी’ देऊन. बायकोला रेडिएशनची धास्ती आहे. तिसऱ्यांदा नीट द्यावी का? नाशिकमध्ये राहून यातलं काही जमेल का?
— एक पालक, ओझर

नमस्कार,

तुमचे नातेवाईक आणि तुमची लेक एकाच मशिनबद्दल बोलत असले, तरी कामं वेगळी आहेत. रुग्णाला टेबलावर घेऊन स्कॅन काढणं हे टेक्नॉलॉजिस्टचं काम. मशिन चालू ठेवणं सर्व्हिस इंजिनिअरचं आणि हॉस्पिटलच्या बायोमेडिकल विभागाचं. नवं मशिन, नवी कॉइल (शरीरातून येणारे सिग्नल टिपणारं वेटोळं), नवं सॉफ्टवेअर घडवणं हे संशोधन आणि उत्पादनाचं. चौथं काम मेडिकल फिजिसिस्टचं, त्याकडे पुढे येतो. मुलीला ओढ तिसऱ्याची आहे आणि घरात सल्ले मिळताहेत पहिल्याचे.

पहिलं काम कमी दर्जाचं आहे असं कृपया समजू नका. चांगला टेक्नॉलॉजिस्ट नसेल तर कोट्यवधींचं मशिनही धूसर चित्रं देतं. आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेले पदवी अभ्यासक्रम त्यासाठी आहेत. पण तिथून मशिन घडवण्याकडे वळणं अवघड जातं, कारण बारावीनंतर गणित सुटतं. एका वर्षाच्या कोर्सबाबत त्या गृहस्थांना दोन गोष्टी लेखी मागा: संस्था कोणत्या विद्यापीठाशी किंवा परिषदेशी संलग्न आहे, आणि प्रात्यक्षिक कोणत्या हॉस्पिटलच्या कोणत्या मशिनवर होणार. एक्स-रे आणि सीटी चालवणाऱ्यांची पात्रता अणुऊर्जा नियामक मंडळ म्हणजे एईआरबी ठरवतं, शिवाय २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने या व्यवसायाची नोंदणी आणि अभ्यासक्रम बांधून घेतले जात आहेत. या चौकटीत न बसणारं प्रमाणपत्र भिंतीवर टांगण्यापुरतं. नोकरीची हमी कागदावर देत नसतील तर विषय तिथेच मिटवा.

तिसऱ्यांदा नीट नको. रेडिओलॉजिस्ट व्हायचं असतं तर एमबीबीएसला पर्याय नव्हता. पण तिचा प्रश्न ‘मशिन डाऊन का झालं’ हा आहे आणि त्याचं उत्तर इंजिनिअरिंगमध्ये आहे.

ते उत्तर थोडं उलगडून सांगतो, कारण शाखा कोणती घ्यावी हे त्यातूनच ठरेल. आजीला ज्यात झोपवलं ते मशिन बहुधा १.५ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकक्षेत्र मोजायचं एकक). नाशिकच्या जमिनीवर पृथ्वीचं जे चुंबकक्षेत्र असतं, त्याच्या साधारण ३५ हजार पट. ते निर्माण करणारी तार नायोबियम-टायटॅनियमची असते आणि उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडवलेली असते. इतक्या थंडीत तारेचा विद्युतरोध शून्य होतो, एकदा सोडलेला करंट फिरत राहतो, म्हणून वीज गेली तरी चुंबक चालूच असतो. मुंबईत २०१८ मध्ये एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजन सिलिंडर घेऊन गेलेल्या तरुणाचा जीव गेला, तो ‘मशिन बंद आहे’ याच गैरसमजामुळे.

‘मशिन डाऊन’चा अर्थ चुंबक बिघडला असा क्वचितच असतो. हेलियम थंड ठेवणारं एक यंत्र असतं, त्याला कोल्ड हेड म्हणतात. त्याच्या कॉम्प्रेसरची उष्णता चिलरचं, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राचं, पाणी वाहून नेतं आणि चिलर असतो गच्चीवर, उन्हात. एप्रिल-मेच्या दुपारी कंडेन्सरवर धूळ बसलेली असली किंवा विजेची एक फेज कमी-जास्त झाली की चिलर ट्रिप होतो. त्याच पाण्यावर ग्रेडियंट कॉइलही (चित्रातली जागा ठरवण्यासाठी चुंबकक्षेत्र किंचित बदलणारी वेटोळी) थंड राहतात, त्यामुळे स्कॅनिंग आधी थांबतं. कॉम्प्रेसर बराच वेळ बंद राहिला तर हेलियमचा दाब चढतो आणि तो उडून जाऊ लागतो. चुंबकाची अतिवाहकता, म्हणजे तारेची शून्य विद्युतरोधाची अवस्था, अचानक गेली तर ‘क्वेंच’ होतो: एका लिटर द्रवाचा सातशे लिटरहून जास्त वायू होतो. तो बाहेर नेणारी नळी गंजलेली किंवा पक्ष्यांच्या घरट्याने बुजलेली असेल तर वायू खोलीत शिरतो आणि ऑक्सिजन हटवतो. कोट्यवधींचं मशिन काही हजारांच्या दुरुस्तीवाचून अडतं ते असं.

दुसरा नेहमीचा बिघाड रेडिओलहरींचा. १.५ टेस्लाला शरीरातले प्रोटॉन ६३.९ मेगाहर्ट्झला प्रतिसाद देतात, एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या जरा खाली. म्हणून खोलीला आतून तांब्याचा पिंजरा असतो. दाराच्या कडेचे तांब्याचे पातळ पट्टे वाकले किंवा आत कुणी साधा एलईडी दिवा बसवला की चित्रावर कपड्याच्या झिपसारखी ठिपक्यांची रेघ उमटते. शोधायची रीत सोपी आहे: ट्रान्समीटर बंद ठेवून फक्त ‘ऐकायचं’, एकदा दार लावून, एकदा उघडून, मग दिवे एकेक करून बंद करत.

आता मोजा: शीतकरण, निर्वात तंत्र, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, रेडिओ फ्रिक्वेन्सी, सिग्नल प्रोसेसिंग, सॉफ्टवेअर. ‘बायोमेडिकल’ नावाच्या एका पदवीत हे सगळं मावत नाही. म्हणून माझं मत: पहिली पदवी ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) किंवा इन्स्ट्रुमेंटेशनची, नाहीतर कॉम्प्युटरची घ्यावी आणि वैद्यकीय भाग एमटेकला धरावा. बायोमेडिकल घ्यायचंच असेल तर त्या कॉलेजला खरंखुरं हॉस्पिटल जोडलेलं आहे का, आणि विद्यार्थी तिथे आठवड्यातून किती तास जातात, हे आधी विचारा. कॅप राउंडचे (प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्यांचे) पसंतीक्रम भरताना नाशिकची कॉलेजं खुशाल वर ठेवा. या क्षेत्रात पहिल्या पदवीच्या कॉलेजपेक्षा त्या चार वर्षांत काय केलं हे जास्त बघितलं जातं.

पुढे गेटमध्ये, म्हणजे एमटेकच्या प्रवेशपरीक्षेत, २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरवरही अनेक ठिकाणी दार उघडतं. आयआयटी मुंबईचा बायोसायन्सेस आणि बायोइंजिनिअरिंग विभाग, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था, आयआयटी मद्रासचं हेल्थकेअर टेक्नॉलॉजी केंद्र ही नावं आत्तापासून डोक्यात असू द्या. गेटमधून एमटेकला गेल्यास महिना १२,४०० रुपये मिळतात, पीएचडीच्या ज्युनिअर फेलोशिपला ३७,००० आणि वर घरभाडं. खर्चाचा अंदाज बांधताना उपयोगी पडेल.

मेडिकल फिजिसिस्ट हा आडवाटेचा पण भक्कम रस्ता आहे. बीएस्सी, एमएस्सी फिजिक्स, मग बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. कॅन्सर हॉस्पिटलात रेडिओथेरपीच्या मशिनमधून रुग्णाला किती मात्रा जाते हे मोजण्याची जबाबदारी या माणसाची. जागा मोजक्या, पण त्याच्याशिवाय विभाग चालत नाही. मुलीला फिजिक्स मनापासून आवडत असेल तरच.

आता वहिनींची काळजी. एमआरआय आणि सोनोग्राफीत आयनीकारक किरणं नसतातच. एक्स-रे आणि सीटीत असतात, पण ट्यूबला वीज असेपर्यंतच. बटण सुटलं की किरणं संपली, ती खोलीत ‘साचून’ राहत नाहीत. किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी एईआरबीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० आहे. निसर्गातून जगभर माणसाला सरासरी २.४ मिळतातच. प्रत्येकाच्या छातीवर, लेड अ‍ॅप्रनच्या आत, मिळालेली मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज असतो आणि तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. गोंधळ होतो तो बॅज अ‍ॅप्रनला अडकवून एक्स-रेच्या खोलीतच विसरल्याने: आकडा भलताच येतो, चौकशी लागते आणि माणूस विनाकारण घाबरतो. १८ वर्षांखालच्या व्यक्तीला हे काम देताच येत नाही. गरोदरपणाची नोंद केल्यावर बाळासाठी १ मिलिसीव्हर्टची वेगळी मर्यादा लागू होते. आणि मशिन घडवणाऱ्या इंजिनिअरचा बराचसा दिवस किरणांपासून लांब, संगणकासमोर जातो.

नाशिकबद्दल खरं सांगायचं तर शेवटची नोकरी पुणे, मुंबई किंवा बेंगळुरूला असेल असं धरून चाला. शिकण्यासाठी मात्र नाशिक अजिबात वाईट नाही. जिल्हा रुग्णालय, शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय, आडगावचं मेडिकल कॉलेज आणि मुंबई नाक्याच्या आसपासची खासगी हॉस्पिटलं, म्हणजे हरतऱ्हेची मशिनं एका शहरात. अंबड-सातपूरला पत्रा, प्लास्टिक मोल्डिंग आणि पॅनेलची कामं करणारे कारखाने आहेत, नमुना बनवायला आणखी काय हवं? एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर नाशिकचेच. मोबाइल फोनला भिंग जोडून चष्म्याचा नंबर मोजणारं उपकरण त्यांच्या गटाने तयार केलं. २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने त्यांनी इथे कुंभथॉन, म्हणजे कुंभमेळ्याच्या अडचणींवर तरुणांनी उपाय शोधायचं शिबिर, भरवलं होतं. २०२७ चा सिंहस्थ तुमच्या लेकीच्या कॉलेजच्या दिवसांतच येतो.

दुसऱ्या वर्षानंतर तिने एखाद्या हॉस्पिटलच्या बायोमेडिकल विभागात महिनाभर बसायची परवानगी काढावी. मशिनांचं ब्रेकडाऊन रजिस्टर वाचावं: कोणतं मशिन किती तास बंद होतं आणि कशामुळे. गळती करंट (उपकरणातून नको तिथे झिरपणारी वीज) कसा मोजतात ते बघावं. हृदयाशी थेट जोडलेल्या उपकरणातून रुग्णाकडे नेहमीच्या वापरात १० मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त जाता कामा नये, शरीराला बाहेरून जोडलेल्यांना १०० ची मुभा. अर्थिंग कच्चं असलं की हे आकडे कसे चढतात हे पुस्तकापेक्षा मीटरवर लवकर कळतं.

नवं उपकरण काढायचं स्वप्न असेल तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लवकर वाचावेत. धोक्यानुसार ए ते डी असे चार वर्ग आहेत. ए आणि बीचा उत्पादन परवाना राज्य देतं, सी आणि डीचा केंद्र. निदान करणारं सॉफ्टवेअरसुद्धा यात येतं. बरेच तरुण नमुना तयार झाल्यावर नियमांकडे वळतात, मग पहिल्या दिवसापासूनची नोंदवही मागितली की अडकतात. मदतीला आयआयटी मुंबईचं वैद्यकीय उपकरणांचं बेटिक केंद्र आहे, स्टार्टअपना आधार देणारं पुण्याचं व्हेंचर सेंटर आहे आणि बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं ५० लाखांपर्यंतचं बिग अनुदान आहे. देशी काम होतंय: बेंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्सने २०२३ मध्ये द्रव हेलियम न लागणारा १.५ टेस्लाचा स्कॅनर पुढे आणला. हेलियम आपल्याला आयात करावा लागतो, त्यामुळे ही साधी गोष्ट नाही.

इथून पुढचं मुलीलाच वाचायला द्या.

तुझ्या आजीच्या रिपोर्टबरोबर सीडी मिळाली असेल. ती शोध. त्यात डायकॉम नावाच्या प्रकारातल्या फायली असतात, बऱ्याचदा नावापुढे काहीच न लिहिलेल्या. थ्रीडी स्लायसर हे फुकट सॉफ्टवेअर टाकून त्या उघड. नंतर पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पायडायकॉम ही लायब्ररी वापरून त्याच वाच. पहिली चूक हमखास होईल ती क्रमाची: फायलींच्या नावाने स्लाइस (शरीराच्या एकेका कापाची चित्रं) लावल्यास की मणके अदलाबदल होतात. प्रत्येक फाइलमध्ये स्लाइसचं जागेवरचं स्थान लिहिलेलं असतं, त्याने लाव. सीटीच्या फायलीत दुसरी चूक होते. साठवलेला आकडा हाउन्सफिल्ड (सीटीत घनता सांगणारं एकक) नसतो, त्याला फाइलमधल्या स्लोपने गुणून इंटरसेप्ट मिळवावा लागतो, तेव्हा पाणी शून्यावर आणि हवा उणे १००० वर येते. एक्स-रेत काही फायली उलट्या रंगाच्या असतात, हाडं काळी. तेही फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

मग ऑर्थंक हे सॉफ्टवेअर टाकून स्वतःचा छोटा पॅक्स, म्हणजे चित्रं साठवणारा सर्व्हर, उभा कर आणि मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून त्यावर चित्रं पाठव. आयपी, पोर्ट आणि एई टायटल (डायकॉमच्या जाळ्यातलं मशिनचं नाव) या तीन गोष्टी दोन्हीकडे जुळाव्या लागतात. ऑर्थंक मुळात ४२४२ पोर्टवर ऐकतो, हॉस्पिटलांत बहुधा १०४ असतो. नवं मशिन जोडताना मोठमोठी हॉस्पिटलं एका अक्षराच्या फरकाने अख्खी दुपार अडतात.

एआय शेवटी. मुंबईची क्युअर डॉट एआय छातीच्या एक्स-रेतून क्षयाचा संशय टिपते आणि १५ वर्षांवरील व्यक्तींसाठी अशा सॉफ्टवेअरच्या वापराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. मोह होईल, पण आधी सापळे ओळख. एकाच रुग्णाची काही चित्रं प्रशिक्षणात आणि काही चाचणीत गेली की अचूकता खोटी वाढते, म्हणून विभागणी रुग्णानुसार कर. जास्त आजारी रुग्णाचा एक्स-रे खाटेवरच पोर्टेबल मशिनने काढतात, मग मॉडेल रोगाऐवजी पोर्टेबल मशिनची छाप ओळखायला शिकतं आणि दुसऱ्या हॉस्पिटलात आपटतं. सरावाला सार्वजनिक संग्रह वापर. फुप्फुसांच्या सीटीचा एलआयडीसी १,०१८ स्कॅनचा आहे. हॉस्पिटलची चित्रं नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय घेऊ नकोस. फाइलमधलं नाव पुसलंस तरी सोनोग्राफीत ते चित्रावरच छापलेलं असतं. आजीची सीडीसुद्धा कुठल्या वेबसाइटवर चढवू नकोस.

लॅपटॉप १६ जीबी रॅमचा पुरे, महागडं ग्राफिक्स कार्ड आत्ता नको. नव्या लॅपटॉपला सीडीचा खण नसतो, यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह लागेल. फाइल उघडली की आधी दोन आकडे शोध: स्लाइसची जाडी, आणि एका स्लाइसच्या मध्यापासून पुढच्या स्लाइसच्या मध्यापर्यंतचं अंतर. कमरेच्या एमआरआयमध्ये दुसरा आकडा बहुधा पहिल्यापेक्षा थोडा मोठा निघेल. मधली जागा मुद्दाम का सोडली असेल, ते शोधून काढ.