आधी मागचे झाकण उघडा

फील्ड वॉच, म्हणजे सैनिकी धाटणीची साधी मनगटी घड्याळे, जमवणाऱ्यांच्या प्रश्नांना एका घड्याळजीची उत्तरे

पहिले फील्ड वॉच कोणते घ्यावे? (सातारा)
चावीचे, साध्या तबकडीचे, आणि सुटे भाग तुमच्या गावात मिळतील असे. एचएमटी जवान बघा.

एचएमटी पायलट, 'मिलिटरी, न वापरलेले', तबकडी नारंगी. ऑनलाइन स्वस्तात मिळते आहे. घेऊ? (पुणे)
नका घेऊ. फोटो बदलतो, प्रश्न हाच येतो. जुने मशीन धुवायचे, तबकडीचा मूळ रंग खरवडून भडक रंग चढवायचा, केस घासून तिच्या कडा गोल करायच्या, की झाले 'न वापरलेले'. परदेशी संग्राहक या मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे. भिंग लावा. अक्षरे जाड आणि फुटलेली दिसतील, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळणार नाहीत. आत तर दोन-तीन घड्याळांचे भाग एकत्र नांदत असतात. 'आर्मी इश्यू', म्हणजे सैन्याने दिलेले, म्हणणाऱ्याकडे पुरावा मागा. तबकडीवर रंगवलेला बाण, म्हणजे सैन्याची खूण, हा पुरावा नव्हे. डाग पडलेली मूळ तबकडी मी कधीही पसंत करीन. पैसे देण्याआधी झाकण उघडून ओळखीच्या घड्याळजीला मशीन दाखवा. विक्रेता उघडू देत नसेल तर तिथून निघा.

'डर्टी डझन'मधले टिमोर (Timor) कंपनीचे घड्याळ मिळते आहे. नॉर्मंडीत उतरलेले आहे म्हणतात, पण तबकडी बदललेली आहे. (लंडन)
फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य जून 1944 मध्ये उतरले. ब्रिटिश सैन्यासाठी 12 कंपन्यांनी बनवलेली ही 'डर्टी डझन' घड्याळे बहुतेक 1945 मध्ये हाती आली. गोष्टीचे पैसे देऊ नका. तबकडीचे मात्र वेगळे आहे: युद्धानंतर संरक्षण खात्यानेच अनेक घड्याळांच्या रेडियमच्या (चमकणाऱ्या, पण किरणोत्सारी लेपाच्या) तबकड्या काढून नव्या बसवल्या. तशी असेल तर घ्यायला हरकत नाही, पण जाणकाराला दाखवून. बाराही कंपन्यांची जमवायचा हट्ट असेल तर त्यांतले ग्राना सर्वांत दुर्मीळ, म्हणून तिथे फसवणूकही जास्त.

काटे अंधारात चमकत नाहीत. म्हणजे रेडियम संपले ना? (नाशिक)
नाही. चमकणारा लेप थकतो; रेडियम निम्मे व्हायला सुमारे 1600 वर्षे लागतात. घरी उघडू नका, खरवडू नका, मुलांच्या हाती देऊ नका. असे काम सांभाळून करणाऱ्याकडेच न्या.

मागे 'वॉटरप्रूफ' कोरले आहे. पावसात घालू? (रत्नागिरी)
नको.

काचेखाली वाफ धरते, पण वेळ बरोबर दाखवते. दिवाळीनंतर दाखवले तर चालेल? (कोल्हापूर)
तोवर स्टेम, म्हणजे चावीचा दांडा, गंजलेला असेल. आजच न्या.